घोडं बुजलं... दोष कुणाचा?

परवा आमच्या महिला मंडळाची सभा होती. हळदीकुंकवाचा हिशोब झाला, शिवणवर्गाच्या मशीनची दुरुस्ती मंजूर झाली आणि मग सगळ्यांच्या आवडीचा विषय निघाला. वार्षिक सहल! ‘‘माथेरानला जाऊ या ना पुन्हा,’’ एक जण म्हणाली. लगेच तिघी-चौघींनी री ओढली. ‘‘गेल्या वेळी किती मज्जा आली होती!’’

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. कारण गेल्या वेळच्या सहलीतली एक गोष्ट मी मंडळात कुणालाच सांगितली नव्हती. दोन वर्षं झाली त्याला. त्या दिवशी मात्र म्हटलं, आता बोलायचं. सभेत बोलले आणि आज तुमच्यापुढंही बोलतेय. मैत्रिणींनो, येत्या सुट्टीत तुमच्यापैकी कितीतरी जणी मुलाबाळांना घेऊन अशाच एखाद्या डोंगरवाटेवर जाणार आहात. त्यांच्या उपयोगी पडलं तर बरंच.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. आम्ही बावीस जणी. सकाळच्या लोकलनं नेरळ, तिथून टॅक्सीनं दस्तुरी नाका आणि पुढं पायी. माथेरानला गेलेल्यांना हे ठाऊकच आहे. दस्तुरीला गाडी सोडावी लागते. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर पुढं मोटारीला बंदी. म्हणून तर तिथं पाऊल टाकलं की कान आधी शांत होतात. मग ऐकू येतात ते पक्षी, वारा आणि घोड्यांच्या टापा.

१८५० मध्ये ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले आणि त्यानंतर इथं वस्ती होऊ लागली. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर आली. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं. एवढ्या काळात इथली तांबड्या मातीची वाट मात्र सगळ्यांची राहिली. त्याच वाटेवरून पर्यटक चालणार, डोक्यावर बॅगा घेतलेले हमाल चालणार, शाळेची मुलं चालणार, सिलिंडर आणि भाजी लादलेले घोडे चालणार आणि आपल्यासारख्यांना पाठीवर घेतलेले घोडेही चालणार. ना फूटपाथ, ना सिग्नल. एकमेकांना सांभाळून घेतलं तरच चालतं. आपण मात्र तिथं जातो ते सगळी वाट आपल्याच बापाची असल्यासारखे! मीही तशीच गेले होते.

ती एक छत्री

दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. शार्लोट लेक पाहून, पिसरनाथाचं दर्शन घेऊन आम्ही परत निघालो होतो. एका वळणावर झाडीतून दरी छान दिसत होती. झालं! ‘‘इथं एक ग्रुप फोटो हवाच.’’ आम्ही दोन रांगा केल्या, त्याही वाटेच्या मधोमध. कुणी केस सारखे करतंय, कुणी चष्मा काढतंय, सगळा कलकलाट. इतक्यात वळवाचे टपोरे थेंब पडू लागले.

माझ्याकडे बटणाची छत्री होती. लेकीनं वाढदिवसाला दिलेली, चांगली मोठी, पिवळ्याधमक रंगाची. मी मागं न बघता बटण दाबलं. फट्!

पुढचं सगळं दोन क्षणांत झालं. आमच्या मागून एक घोडा येत होता. वर दहा-अकरा वर्षांची मुलगी, हातभर अंतरावर लगाम धरून चालणारा पोरगेला घोडेवाला. छत्री उघडली तशी घोड्यानं मान झटकन वर केली, एकदम बाजूला उडी घेतली आणि ती मुलगी खोगिरावरून घसरून खाली आली. मुलाच्या हातातून लगाम सुटला नाही म्हणून बरं. तोही फरफटत चार पावलं गेला, पण त्यानं घोडा आवरला. मुलीच्या डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून आणखी बरं. ती हात धरून रडत होती.

मागच्या घोड्यावरून तिचे वडील उतरले. माणसं जमली आणि जो तो त्या घोडेवाल्यावर तुटून पडला. ‘‘घोडं माजलंय तुझं!’’ ‘‘याची तक्रार करा, लायसन घालवा.’’ ‘‘यांना फक्त पैसे पाहिजेत.’’ वडिलांनी तर हात उगारला. मुलगा एवढंच म्हणाला, ‘‘चुकलं साहेब, माफ करा.’’ त्यानं खिशातून नोटा काढून त्यांच्यापुढं धरल्या. एक हातरिक्षा आली, मुलीला त्यात बसवून दवाखान्याकडे नेलं.

आणि मी? मी छत्री मिटली. पिशवीत घातली. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, ‘‘बाई बाई, कसली ही बेभरवशाची जनावरं!’’ मी मान डोलावली. होय, मान डोलावली! मंडळात भांडणं सोडवणारी, पोलीस चौकीत दुसऱ्यांसाठी तावातावानं बोलणारी मी, ‘अहो, छत्री माझी होती’ हे एक वाक्य बोलू शकले नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्या वडिलांचा उगारलेला हात होता. तो माझ्याकडे वळला असता तर?

वरातीमागून घोडं

घरी आल्यावर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘तू मुद्दाम केलंस का? नाही ना? मग सोडून दे.’’ पण सुटेना. तो मुलगा माझ्या लेकाच्याच वयाचा, वीस-बावीसचा. माझ्या लेकाला कुणी असं चारचौघांत बोललं असतं आणि खरी चूक करणारी बाई पिशवी काखोटीला मारून निघून गेली असती, तर मी तिला काय म्हटलं असतं?

आठ दिवसांनी आम्ही दोघं पुन्हा माथेरानला गेलो. हंगाम संपत आला होता. दस्तुरीवर विचारत विचारत तो मुलगा सापडला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘‘पिवळी छत्री ना, ताई?’’

म्हणजे त्याला माहीत होतं! ‘‘अरे मग त्या वेळी बोलला का नाहीस?’’ मी विचारलं. तो हसला. ‘‘ताई, गिऱ्हाइकाकडं बोट दाखवून धंदा होतो का? आमचंच घोडं, आमचीच चूक. असंच असतं.’’

मुलीच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर झालं, ती खाली घरी गेली, एवढंच त्याला कळलं होतं. घोडा त्याचा नव्हता. तो पगारी माणूस. घोड्याच्या मालकीणबाई जवळच राहत होत्या. नवऱ्यामागं दोन घोड्यांवर घर चालवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. मी म्हटलं, ‘‘चल, मला त्यांच्याकडे घेऊन चल.’’

बाई अंगणात घोड्याला खरारा करत होत्या. तोच घोडा. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला. आधी त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्या मुलाकडे. म्हणाल्या, ‘‘हा छत्री छत्री म्हणत होता, पण मला वाटलं, बहाणा करतोय. बोल बोल बोलले मी याला. पगारातून कापीन म्हटलं.’’ तो मुलगा खाली बघत होता. मग बाई मला म्हणाल्या, ‘‘वरातीमागून घोडं आलं म्हणायचं की हो, बाई! पण आलं ते बरं झालं.’’

तक्रारीमुळे तो घोडा ऐन गर्दीच्या दिवसांत चार दिवस बांधून होता. ‘‘घोडं उभं असलं तरी चंदी लागतेच. त्याला काय सांगणार, आज कमाई नाही, उपाशी राहा म्हणून?’’ मी पैसे पुढं केले. त्यांनी मोजून चार दिवसांच्या चंदीपुरते ठेवून घेतले, बाकीचे परत केले. ‘‘जास्त नको. चूक झाली तुमची, पण पाप नाही केलं.’’ मग चहा झाला. त्या मुलीच्या घरचा पत्ता मात्र कुणाकडेच नव्हता. तिची माफी मागायची राहूनच गेली. ते ओझं अजून आहे.

घोड्याला काय दिसतं?

चहा पिताना मी मालकीणबाईंना विचारलं, ‘‘पण साध्या छत्रीला एवढं काय घाबरायचं?’’ त्यांनी मला घोड्याजवळ उभं केलं आणि जे सांगितलं ते मी आजवर ऐकलं नव्हतं. नंतर पशुवैद्य असलेल्या एका स्नेह्यांनाही विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं.

घोड्याचे डोळे आपल्यासारखे पुढं नसतात, डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. न दिसणाऱ्या जागा दोनच. एक, अगदी नाकाकपाळासमोरची आणि दुसरी, थेट शेपटीमागची. मागून कुणी अचानक आलं तर तो दचकतो आणि लाथ झाडतो. त्याला दुष्टपणा म्हणायचा नाही. हजारो वर्षं वाघ-लांडग्यांपासून जीव वाचवत आलेलं हे जनावर. त्याच्याकडे शिंगं नाहीत, नखं नाहीत. आहेत ते पाय. तेव्हा काही नवं, मोठं, अचानक दिसलं की आधी पळायचं, विचार नंतर करायचा, हा त्याचा स्वभाव. आपण ज्याला ‘घोडं बुजलं’ म्हणतो ते हेच.

आता माझी छत्री त्याच्या नजरेनं बघा. समोर माणसांची भिंत, कलकलाट आणि त्यातून एकाएकी हातभर रुंद पिवळं काहीतरी आवाज करत फुटलं. त्यानं उडी मारली नसती तरच नवल!

‘‘छत्री, फडफडणारी प्लॅस्टिकची पिशवी, फटाका, मोबाइलवर मोठ्यानं लावलेली गाणी आणि मागून धावत येणारी पोरं,’’ मुलानं बोटांवर मोजून दाखवलं. ‘‘रोजच्या गोष्टींची आम्ही सवय करतो त्याला. पण हळूहळू दिसलं तर सवय. एकदम तोंडावर आलं तर कुठली सवय?’’

कानांवरूनही घोड्याचं मन कळतं. कान पुढं ताठ असले तर त्याचं कुठंतरी लक्ष लागलंय. कान मागं मानेला चिकटवले तर समजायचं, स्वारी रागावली आहे, लांब राहा. सासूबाईंच्या कपाळावरची आठी आपल्याला कळते ना, तसंच हे!

वाट कुणी कुणाला द्यायची?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाचीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘मावशी, आमच्याकडे याचे नियमच आहेत.’’ तिथं गावाबाहेर, शेतांतून, रानांतून सार्वजनिक वाटा आहेत. त्यातल्या काहींवर पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना, दोघांनाही कायद्यानं हक्क आहे. १९६८ च्या कायद्यानं सायकलवाल्यांनाही तिथं येऊ दिलं, पण अट अशी की पादचारी आणि घोडेस्वार यांना त्यांनी आधी वाट द्यायची. रस्त्यावर घोडा दिसला तर मोटारवाल्यानं ताशी १० मैलांच्या, म्हणजे १६ किलोमीटरच्या आत वेग ठेवून, किमान दोन मीटर अंतर राखून जावं, असं २०२२ मध्ये तिथल्या वाहतूक नियमांत लिहिलं गेलं. अमेरिकेतल्या उद्यानांमध्ये तर पायवाटेच्या तोंडाशी त्रिकोणी पाटीच असते. सायकलवाल्यानं दोघांना वाट द्यायची, चालणाऱ्यानं घोड्याला द्यायची.

चालणाऱ्यानं का? कारण सोपं आहे. आपण क्षणात थांबू शकतो, बाजूला होऊ शकतो, समोरच्याशी बोलू शकतो. पाठीवर माणूस घेतलेलं तीनशे-चारशे किलोंचं जनावर तसं करू शकत नाही. ज्याला थांबणं सोपं, त्यानं थांबावं. आपल्या घरातही आपण हेच करतो की. हातात गरम पातेलं घेऊन कुणी येत असलं की आपण भिंतीला लागून उभ्या राहतो. ‘मी आधी निघाले होते’ असं म्हणून भांडत नाही.

पण बाजूला व्हायचं तरी कुठल्या? मालकीणबाईंनी हे मला तीनदा सांगितलं. दरीच्या वाटेवर डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीही नाही. घोड्याचा किंवा त्याच्या पाठीवरच्या ओझ्याचा नुसता धक्का लागला तरी कडेचा माणूस खाली जायचा. तुमच्यापैकी कुणी चारधामला निघाल्या असाल तर हे गाठीला बांधून ठेवा. गौरीकुंडाहून केदारनाथला जाताना घोडे-खेचरं आणि पायी यात्रेकरू एकाच वाटेनं जातात. तिथं तर एकामागून एक रांगच्या रांग येते. एक गेलं म्हणून लगेच वाटेत यायचं नाही, मागचं बघायचं.

दुसरी बाजूही आहेच

सगळी चूक चालणाऱ्यांचीच असते, असं मात्र मी म्हणणार नाही. गर्दीतून मुद्दाम घोडा दौडवणारी पोरं मी पाहिली आहेत. ‘हटो, हटो’ म्हणत म्हाताऱ्या माणसांच्या अंगावरून गेल्यासारखं जातात. वाटेवरची लीद सुकून तांबड्या धुळीत मिसळते आणि ती सगळ्यांच्या नाकातोंडात जाते. दम्याच्या माणसाला त्याचा खरंच त्रास होतो. घोड्यावरून पडून पर्यटक दगावल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. तेव्हा हेल्मेट, वेगावर ताबा आणि लीद वेळच्या वेळी उचलणं या गोष्टी घोडेवाल्यांनी आणि नगरपालिकेनं करायलाच हव्यात. मालकीणबाईंनाही हे पटलं. ‘‘चार जण दौडवतात आणि नाव चारशेंचं खराब होतं,’’ त्या म्हणाल्या.

घोड्याचीही बाजू आहेच. मालवाहू आणि ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी आपल्या देशात १९६५ पासून नियम आहेत. तट्टाच्या पाठीवर ७० किलोंपेक्षा जास्त ओझं नको. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको. जिथं पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथं दुपारी बारा ते तीन या वेळात कामच नको. आपण मात्र घोडा करताना दर किती पाडून मिळेल तेवढं बघतो. त्यानं पाणी कधी प्यायलं, ही आजची त्याची कितवी फेरी, हे कुणी विचारतं का? आईच्या मांडीवर मूल बसवून एकाच घोड्यावर दोघांना घ्या, अशी घासाघीस करणाऱ्या बायका मी पाहिल्या. पूर्वी त्यात मीही होते.

शिवाय माथेरानच आता बदलतंय. डिसेंबर २०२२ मध्ये तिथं ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, माणसानं माणसाला ओढून न्यायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश दिला. त्या मुलीला दवाखान्यात नेणारी हातरिक्षा ओढताना त्या माणसाची छाती कशी भात्यासारखी वरखाली होत होती ते मला आठवतं. निर्णय योग्यच झाला. त्याच निकालात दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला पेव्हर ब्लॉकची परवानगी मिळाली, पण आतल्या रस्त्यांवर आणि पॉइंटकडे जाणाऱ्या पायवाटांवर ब्लॉक बसवायचे नाहीत, असं बजावलं गेलं.

ब्लॉकचा आणि घोड्याचा संबंध काय, असं वाटेल. नालेचा आहे! मातीत नाल रुतते, धरून राहते. गुळगुळीत ब्लॉकवर, त्यातून उतारावर पाणी पडलेलं असलं की ती सरकते. आपल्याला चालायला ब्लॉक सोयीचे, शाळकरी मुलांना आणि आजारी माणसांना ई-रिक्षा सोयीची, घोड्याला माती सोयीची आणि घोड्यावर पोट असणाऱ्यांना यातल्या प्रत्येक बदलाची धास्ती. वाट तीच, गरजा वेगवेगळ्या. यातलं कुणीच खोटं बोलत नाही. म्हणून नियम लागतात आणि नियमांच्याही आधी थोडा समंजसपणा लागतो.

तर... वाटेवर जाताना

मालकीणबाईंनी आणि त्या मुलानं सांगितलेलं मी वहीत लिहून घेतलं होतं. ते इथं देते. कात्रण काढून पर्समध्ये ठेवलंत तरी चालेल.

चालत असाल तर...

• टापा ऐकू आल्या की बोलणं थांबवा, मागं बघा, एका कडेला व्हा. दरी असेल तर डोंगराच्या बाजूला.

• सगळ्या जणी एकाच कडेला व्हा. निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे असं नको. घोड्याला दोन्हीकडून कोंडल्यासारखं होतं.

• घोडा जवळ असताना छत्री उघडू नका, रेनकोट झटकू नका, पिशव्या फडफडवू नका. त्याला जाऊ द्या, मग उघडा.

• वळणावर फोटोसाठी वाट अडवू नका. वळणापलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

• मुलांचा हात धरा. घोड्याच्या मागून पळत जाणं, शेपटीला हात लावणं हे हौसेनंसुद्धा नको. जवळ जायचंच तर बाजूनं, बोलत बोलत आणि घोडेवाल्याला विचारून.

घोड्यावर बसणार असाल तर...

• हेल्मेट मागून घ्या आणि पट्टा हनुवटीखाली लावा. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट काय कामाचं?

• ओढणी, पदर, शाल घट्ट खोचा. लोंबणारं टोक खोगिरात किंवा झुडपात अडकतं. सलवार-कमीज किंवा पँट असली तर उत्तम.

• रिकिबीत पाऊल पूर्ण घालू नका. चवड्याचा भाग तेवढा टेकवा, टाच खाली. पडायची वेळ आली तर पाय अडकत नाही.

• ‘‘शांत घोडा द्या, चालतच न्या,’’ असं आधीच स्पष्ट सांगा. आणि मग दौडवायचा हट्ट आपणही करू नका.

• पाठीवर जखम असलेला किंवा लंगडणारा घोडा घेऊ नका. का घेत नाही तेही सांगा.

आणि शेवटचं. काही झालंच तर आधी जखमी माणसाकडे बघा. घोडेवाल्याच्या अंगावर धावून जाण्याआधी विचारा, ‘‘नक्की काय झालं?’’ कदाचित त्याच गर्दीत एखादी बाई छत्री पिशवीत लपवत उभी असेल.

सभेत काय झालं?

तर परवाच्या सभेत मी हे सगळं सांगितलं. दोन मिनिटं कुणी काही बोललंच नाही. मला वाटलं, आता या माझ्याकडे कशा बघतील कोण जाणे. मग ‘बेभरवशाची जनावरं’ म्हणणाऱ्या त्याच काकू म्हणाल्या, ‘‘अगं, छत्री उघडताना मी पाहिली होती तुझी. मीही गप्पच बसले की.’’

म्हणजे आम्ही दोघी होतो! आणखीही असतील. बावीस बायका, त्यातल्या कितीतरी जणी सावित्रीबाईंच्या जयंतीला भाषणं करणाऱ्या, आणि एका पोराची बाजू घ्यायला त्यातली एकही पुढं झाली नाही. त्या दिवशी आमच्यातल्या कुणाचं हाड मोडलं नाही, पण काहीतरी मोडलं होतं खरं.

सहल माथेरानलाच ठरली आहे. या वेळी जायच्या आधी एक तासाची बैठक घ्यायची, वरची यादी सगळ्यांना वाचून दाखवायची, असं ठरलं. मालकीणबाईंना फोन केला. त्यांचे दोन्ही घोडे ठीक आहेत. तो मुलगा अजून त्यांच्याकडेच आहे, आता पगार वाढवलाय त्याचा. ‘‘या की,’’ त्या म्हणाल्या, ‘‘चहा आमच्याकडे. छत्री तेवढी घरी ठेवा!’’

सामानाच्या यादीत मी ‘छत्री’ खोडून ‘रेनकोट’ लिहिलंय.